झोपडी घ्यावी काय?



कीर्तनकाराने सांगावे आणि श्रोत्यांनी ऐकावे, ही रीत आहे. पण कधी कधी सांगणाराच अडतो. नारदाच्या गादीवर उभे असताना त्याला अडता येत नाही. मागे टाळकरी उभे, पखवाजावर थाप पडलेली, समोर आयाबाया हात जोडून बसलेल्या. तेथे तो काहीतरी बोलून पुढे जातो. घरी आल्यावर मात्र ते अडलेले तसेच अडलेले असते. माझे असेच एक अडणे आज आपल्यापुढे मांडतो.

प्रश्न साधा आहे. उतारवयात शेतातली एखादी झोपडी व तिच्याभोवतीची थोडी जमीन विकत घ्यावी काय? आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात हा प्रश्न आज येतो. नोकरी संपलेली असते, हाती थोडे पैसे आलेले असतात, मुलाच्या घरी दोन खोल्यांत दिवस चाललेले असतात. मग वाटते, एखादे वावर घ्यावे, विहिरीचे पाणी प्यावे, कडुनिंबाखाली बसून ज्ञानेश्वरी वाचावी. ही इच्छा वाईट आहे असे कोण म्हणेल? आणि चांगली आहे असे तरी छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

माझे म्हणाल तर मी पाठशाळेत व्याकरण व वेदान्त शिकलो, पुढे शाळेत संस्कृत शिकवून पोट भरले. कीर्तनाची बिदागी घ्यायची नाही ही गुरूंची आज्ञा पाळली. निवृत्त झालो तेव्हा जे मिळाले तीच काय ती पुंजी. सध्या आम्ही उभयता मुलाकडे वर्ध्याला असतो. मुलगा व सून चांगली आहेत. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि घरातल्या मंडळींचे गुडघे जिन्याशी भांडतात.

वर्ध्याला लागूनच सावंगी (मेघे) आहे. एके काळी हे कपाशीचे व तुरीचे गाव. आता तेथे विनोबांच्या नावाचे मोठे ग्रामीण रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, देशभरची मुले शिकायला येतात. वस्ती वाढली तशी वावरांत पऱ्हाटीच्या जागी सिमेंटच्या खुंट्या उभ्या राहिल्या. २०२२ च्या डिसेंबरात नागपूरहून समृद्धी महामार्ग सुरू झाला. तो आमच्या जिल्ह्यातूनच जातो. जमिनीचा भाव हा चहाच्या टपरीवरचा नित्यपाठ होऊन बसला. अशा दिवसांत एक दलाल माझ्याकडे आला. म्हणाला, “महाराज, तुमच्याजोगी जागा आहे. सावंगीच्या पुढे, पांदणीला लागून. अडीच एकर, विहीर आहे, झोपडी आहे. भाव चालू भावाहून तिसरा हिस्सा कमी. माणूस अडला आहे. आज घेतली तर घेतली.”

“माणूस अडला आहे” हे शब्द मी ऐकले. खोटे कशाला बोलू? ऐकले, आणि मनाला बरे वाटले.

जागा पाहून आलो. कुडाच्या भिंती शेणामातीने सारवलेल्या, वर कवेलू, पुढे मांडव, धुऱ्यावर दोन बोरी आणि एक जुना कडुनिंब. घरातल्या मंडळींनी काहीच म्हटले नाही. त्या नुसत्या अंगणाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि पायाने जमीन दाबून पाहिली. मी विचारले, “काय पाहता?” तर म्हणाल्या, “तुळस कुठं येईल ते पाहते.”

पहिली शंका

आता शास्त्राकडे वळू. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची हकिकत सांगतो. नाथमहाराजांनी त्या स्कंधावर टीका लिहिली व ती काशीक्षेत्री शके १४९५ मध्ये, म्हणजे सन १५७३ मध्ये, पूर्ण केली. त्या गुरूंमध्ये एक साप आहे. साप स्वतः घर बांधत नाही. दुसऱ्याने केलेल्या बिळात शिरतो आणि सुखाने राहतो. घर बांधण्याचा खटाटोप हा दुःखाचा आरंभ आहे, हे अवधूत त्याच्यापासून शिकला.

हा दृष्टांत मी चाळीस वर्षे सांगत आलो आहे. श्रोते हसतात, माना डोलावतात. जमीन पाहून आल्यावर तिसऱ्या दिवशी जवळच्या एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते आणि योगायोग असा की निरूपण अवधूताचेच आले. मी साप सांगू लागलो. शब्द पाठ होते, तोंड चालत होते, पण डोळ्यांपुढे कवेलूंची ती झोपडी. स्वतःला म्हटले, ‘बुवा, तुम्ही लोकांना सापाच्या शाळेत घालता आणि स्वतः खरेदीखताला निघता!’ कसेबसे कीर्तन आवरले.

आरती झाल्यावर एक म्हातारबा पाया पडायला आले. खांद्यावर दुपट्टा, हाताला घट्टे. म्हणाले, “महाराज, सापाचं तुमचं खरं हाय. पन त्याचं बीळ खंदते कोन? उंदीर खंदते ना? मंग त्या उंदराचं काय होते?”

मी गप्प झालो. चाळीस वर्षांत मला ही शंका आली नव्हती. पाठशाळेत व्याकरण शिकलो, विभक्ती सोडवल्या, पण त्या बिळाचा कर्ता कोण हे कधी विचारले नाही. ज्याने आयुष्यभर माती खणली त्यालाच ते दिसले.

येथे अवधूताचा अधिक्षेप कोणी समजू नये. गुरूचा जो गुण घ्यायचा तो घ्यावा, सारा गुरू उचलून घरी आणू नये. अवधूताने सापाचा असंगपणा घेतला, विष घेतले नाही. ठिकाणात गुंतू नये एवढा धडा सापाचा. दुसऱ्याने खणलेल्या बिळात शिरून खणणाऱ्याला गिळावे, हा धडा नव्हे. पण माझ्यासारखा पढीक माणूस काय करतो? असंगपणा कीर्तनात ठेवतो आणि शिरणे तेवढे व्यवहारात आणतो.

दुसरी शंका

घरी येऊन मी जाहीर केले, “जमीन घ्यायची नाही. आपण वारकरी, आपल्याला कशाला घरदार? जेथे रात्र पडेल तेथे पाठ टेकावी.” मला वाटले, मोठाच त्याग केला.

घरातल्या मंडळी भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, “अवधूताला बायको होती काय हो?”

मी म्हटले, “नाही.”

“मग त्याचं सोडा. लग्न झाल्यापासून अकरा घरं बदलली मी. प्रत्येक घरी तुळस कुंडीत. आता तर गॅलरीत आहे, दुपारी तीननंतर तिला ऊन नाही. वारीत ती डोक्यावर घेऊन पंढरपूरपर्यंत चालते, पण मेलीचं मूळ अजून जमिनीला लागलं नाही. तुम्ही कीर्तनाला जाता तेव्हा तुमचं घर गावोगाव असतं. माझं कुठं असतं?”

वाचकहो, आपण पुरुषमंडळी त्यागाची भाषा फार सहज बोलतो. त्या त्यागाची मोळी कोणाच्या डोक्यावर पडते ते पाहत नाही. येथे मला तुकोबारायांची एक गोष्ट आठवली. ती आपणा सर्वांना ठाऊक आहे. दुष्काळानंतर त्यांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली असे आपण सांगतो. पण परंपरेतली पुढची ओळ आपण घाईत गाळतो. घरातली सगळी खते त्यांनी बुडवली नाहीत. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याचे कागद त्यांनी वेगळे काढून कान्होबांच्या हाती दिले आणि आपल्या वाट्याचे तेवढे पाण्यात सोडले. केवढी बारकाई आहे ही! वैराग्याच्या भरातसुद्धा दुसऱ्याचा वाटा त्यांनी आपल्या हाताने बुडवला नाही. त्याग आपल्या हिश्शाचा करावा. बायकोच्या हिश्शाचा त्याग नवऱ्याने परस्पर केला तर त्याला बळजबरी म्हणतात.

आणखी एक गोष्ट. आपण दिंडीत चालतो, तेव्हा राहुट्या असतात, पाले असतात, हे खरे. पण ऐन पावसात किती वेळा कोणाच्या पडवीत, कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या गोठ्यात आपण रात्र काढली आहे! त्या माउलीने चुलीवर पिठले टाकले म्हणून आपली वारी झाली. सगळेच साप झाले असते तर वारकऱ्याला पडवी कोणी दिली असती? सावता महाराजांना अरणच्या मळ्यातच पंढरी सापडली. नाथमहाराजांचा पैठणचा वाडा उघडा होता म्हणून तेथे भुकेल्याला पान मिळाले. वारकरी पंथाने घर सोडायला कधीच सांगितले नाही. घराला कवटाळू नका, एवढेच सांगितले.

म्हणजे अवधूताच्या नावावर मी जो नकार देत होतो तो टिकेना. घ्यावी तर उंदीर डोळ्यांपुढे येतो, न घ्यावी तर तुळस.

तिसरी शंका

मग मी एकटाच त्या वावरात गेलो. धनी भेटला. पन्नाशीचा गृहस्थ, माळकरी. त्याचे नाव येथे सांगत नाही. त्याने विहीर दाखवली. म्हणाला, “माह्या बापानं आन् मायनं खंदली, महाराज. दोन उन्हाळे लागले.” मी विचारले, “मग विकता का?” तो थोडा वेळ बोलला नाही. मग हळूहळू कळले. थोरल्या मुलाला गाडीवरून पडून पायाला मोठी इजा झाली होती. काम बंद. औषधपाण्याला व घरखर्चाला खाजगी उचल केली, तिचे व्याज चढत होते. देणेकऱ्याने महिन्याची मुदत दिली होती, त्यातले पंधरा दिवस गेले होते. म्हणून भाव तिसऱ्या हिश्शाने खाली आला होता.

शेवटी म्हणाला, “तुमच्याच हाती जाऊ द्या. दुसऱ्यानं घेतलं त पिलाट पाडते, विहीर बुजवते.”

परत येताना मी मनाशी हिशेब केला. चालू भाव आणि त्याचा भाव यांत जो फरक होता तो फरक कशाचा होता? जमीन हलकी नव्हती, विहीर आटलेली नव्हती, कागदात खोट नव्हती. तो फरक एका मोडलेल्या पायाचा होता. मी जर त्या भावाने घेतली असती तर ती स्वस्ताई माझ्या घरात कोठून आली असती? त्या पोराच्या पायातून. यालाच आपण व्यवहार म्हणतो, आणि कायदाही त्याला आड येत नाही. शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो, असा आपल्याकडे नियम आहे. माझे नाव वडिलोपार्जित दीड एकराच्या सातबाऱ्यावर चुलतभावांच्या रांगेत आहे. म्हणजे सातबारा मला शेतकरी म्हणतो, माझे तळहात म्हणत नाहीत. तलाठ्याकडे फेरफार झाला असता, माझे नाव चढले असते, त्याचे उतरले असते. सगळे शाईत नीट बसले असते. पण जे शाईत बसते ते सगळेच धर्मात बसते असे नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही नाही घेतली तर दुसरा घेणारच. त्या बिचाऱ्याला तरी पैसे मिळाले असते. हा पूर्वपक्ष जोरदार आहे. मीही दोन रात्री त्याच्या आसऱ्याला होतो. त्याला उत्तर असे की, दुसरा घेईल म्हणून मी घ्यावे, हे प्रत्येकजण म्हणतो. ‘दुसरा’ म्हणणारा प्रत्येकजण कोणाचा तरी दुसराच असतो. आणि अडलेल्याला पैसे मिळवून देण्याचा एकच मार्ग त्याची जमीन घेणे हा असतो, हे कोणी ठरवले? तो मार्ग आपल्या सोयीचा असतो म्हणून एकटा दिसतो.

आमच्या जिल्ह्यातल्या झोपड्या

वर्धा जिल्ह्याला झोपडीचा हा विषय नवा नाही. जमनालाल बजाज वर्ध्याचे मोठे धनिक. त्यांच्याकडे देशभरचे पाहुणे उतरत. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी गोसेवेचे व्रत घेतले आणि वर्ध्याजवळ गोपुरीत साध्या झोपडीत राहू लागले. १९४२ च्या फेब्रुवारीत त्यांचा देह पडला. ज्याला काहीही विकत घेता आले असते त्याने शेवटी एवढेच घेतले.

गांधीजी १९३६ साली शेगावला राहायला गेले. त्याचेच पुढे १९४० मध्ये सेवाग्राम झाले. त्या गावाची मालगुजारी जमनालालजींकडे होती. झोपडी बांधताना गांधीजींची अट होती की शंभर रुपयांच्या वर खर्च जाऊ नये आणि आसपास मिळेल तेच साहित्य वापरावे. माती, बांबू, कवेलू. १९४६ च्या ऑगस्टमध्ये ते तेथून निघाले ते पुन्हा परतले नाहीत. मी शाळेची मुले घेऊन तेथे कितीदा तरी गेलो आहे. मुले चष्मा पाहतात, काठी पाहतात. मला त्या उंबऱ्याचे आश्चर्य वाटते. दहा वर्षे राहिलेले घर, आणि बोलावणे आले तेव्हा उठून निघाले. आमच्याने भाड्याची खोली सोडताना भिंतीतला खिळासुद्धा सुटत नाही.

विनोबाजी पवनारला धाम नदीच्या काठी राहत. १९५१ साली ते तेलंगणात पायी गेले आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीत तेथल्या दलित बांधवांनी त्यांच्यापाशी ८० एकर जमीन मागितली. सभेत रामचंद्र रेड्डी उठले व १०० एकर देतो म्हणाले. तेथून भूदान सुरू झाले. घरात पाच मुलगे असतील तर सहावा मला माना आणि त्याचा वाटा द्या, असे त्यांचे मागणे असे. तेरा वर्षे चालून ते १९६४ मध्ये पवनारला परतले. चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन कागदावर मिळाली. त्यातली पुष्कळ वाटली गेली नाही, पुष्कळ नापीक निघाली, हेही खरे आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट त्यांनी शिकवली ती राहिली. भूदानाची जमीन ज्याला मिळाली त्याने ती कसावी, विकू नये. जमीन ही हातात धरायची वस्तू आहे, मुठीत आवळायची नव्हे.

ही तिन्ही उदाहरणे मोठ्यांची आहेत. आपण लहान माणसे. त्यांच्यासारखे होता येणार नाही, हे मला कळते. पण मोठ्यांच्या झोपडीवरून आपल्या झोपडीचे माप घेता येते. मला त्यांत तीन मापे दिसली. झोपडी घेताना कोणाचे काय गेले? राहताना तिचे दार कोणाला उघडे होते? आणि सोडताना सोडता आली काय?

जुने धर्मशास्त्र तिसरा आश्रम वानप्रस्थाचा सांगते. केस पांढरे झाले, नातवंडाचे तोंड पाहिले, की गृहस्थाने घर मुलाच्या स्वाधीन करून वनात पर्णकुटीत जावे. बायकोला बरोबर न्यावे किंवा मुलांजवळ ठेवावे. हल्ली आपण वानप्रस्थ उलटा करतो. पूर्वीचा माणूस घर सोडून झोपडीत जाई. आताचा घर न सोडता झोपडी विकत घेतो, भोवती तारेचे कुंपण घालतो, दाराला कुलूप लावतो आणि वर्षातून चार दिवस हवा खायला येतो. कुंपणाने पांदण अडते, शेजाऱ्याच्या बैलांची पाण्याची वाट मोडते, चांगली काळी जमीन पडीक राहते. याला वानप्रस्थ कसे म्हणावे? हे तर दोन घरांचे गृहस्थाश्रम झाले.

काय केले

आम्ही तिघे बसलो. मुलगा म्हणाला, “बाबा, घ्या. जमीन कधी खाली जात नाही.” मी त्याला विहिरीची गोष्ट सांगितली. तो गप्प राहिला. मग घरातल्या मंडळी म्हणाल्या, “मला तुळशीपुरती जमीन पाहिजे. अडीच एकर मी कधी मागितली?”

या एका वाक्याने गाठ सुटली. आपल्याला हवे असते हातभर, आणि बाजार दाखवतो एकरभर. मग हातभराची गरज एकराच्या मोहात कोठे विरघळते ते कळत नाही.

पुंजीचे आम्ही दोन भाग केले. अर्धा त्यांचा, तो त्यांच्या नावाने बँकेत राहिला. त्याला मी हात लावला नाही. कान्होबांचे कागद कान्होबांना. माझ्या अर्ध्यातून त्या गृहस्थाचे देणे फिटत होते. मी त्याच्याकडे गेलो व म्हणालो, “वावर विकू नका. देणे फेडायला पैसे मी देतो. व्याज नाही, जमीन गहाण नाही.”

त्याने हात जोडले आणि नाही म्हटले! म्हणाला, “फुकटचं नको, महाराज. उद्या तुमच्यापुढं मान वर करता येनार नाही.”

पाहा, मी दान द्यायला निघालो होतो आणि त्यात त्याची मान खाली जाते हे मला सुचले नव्हते. मग त्यानेच तोड काढली. झोपडी व पुढचे अंगण आम्ही भाड्याने राहायला घ्यावे. वावर त्याने कसावे. भाडे दरवर्षी कर्जातून वळते व्हावे. उरलेले त्याने पीक आल्यावर जमेल तसे द्यावे. भाडे किती, हे मी त्याच्यावर सोडले. त्याने सांगितलेला आकडा रास्त होता. माझ्यापेक्षा त्याचा हिशेब सरळ निघाला. कागद केला, दोन साक्षीदार घेतले. भाविकपणात कागद टाळू नये. नात्याला जपायचे असेल तर हिशेब स्वच्छ लागतो.

मुलगा म्हणाला, “पैसे बुडाले तर?” मी म्हटले, “बुडू शकतात.” इंद्रायणीत स्वतः होऊन बुडवण्याइतके माझे वैराग्य नाही. थकले तर मी मागायला जाईन. पण त्या भीतीने त्याचा सातबारा माझ्या पेटीत आणून ठेवणार नाही, एवढे ठरवले.

याला दीड वर्ष होऊन गेले. अंगणाच्या मधोमध तुळस लावली आहे. कुंडीतून काढली तेव्हा मुळे कुंडीच्या आकाराचीच झाली होती, गोल गोल फिरून एकमेकांत गुंतलेली. घरातल्या मंडळींनी ती हलक्या हाताने मोकळी केली. पहिले दोन महिने पाने गळाली. मग पावसाळ्यात धरली. कार्तिकात तिचे लग्न लावले, तेव्हा त्या धन्याचा मुलगा कुबडीवर आला व त्याने अंतरपाट धरला.

सावंगीला यवतमाळ, चंद्रपूरकडून, दूरदूरच्या खेड्यांतून रुग्ण येतात. रुग्णाला खाट मिळते. बरोबर आलेल्या म्हाताऱ्या आईला, कडेवरच्या लेकराला कोठेतरी पाठ टेकावी लागते. ओळखीने एक बाई आली, मग तिच्या सांगण्यावरून दुसरी. आमच्या मांडवात चार जणांची सोय होते. चूल आहे, विहीर आहे, शिधा ज्याचा त्याने आणावा. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे एवढाल्या धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्यापुढे आमचा मांडव म्हणजे मुंगीने वाहिलेला कण. मोठेपणासाठी सांगत नाही. दार उघडे राहिले म्हणजे झोपडीचा मोह जरा आटोक्यात राहतो, हा माझा अनुभव सांगतो.

गेल्या आषाढीला निघताना मी सवयीने कुलूप शोधू लागलो. घरातल्या मंडळी डोक्यावर तुळशीचे वृंदावन घेऊन अंगणात उभ्या होत्या. म्हणाल्या, “कशाला? आत आहे काय?” धन्याच्या बायकोला सांगितले, कोणी आले तर मांडव झाडून द्या. आणि निघालो. पांदणीच्या वळणावर मी एकदा मागे वळून पाहिले. त्यांनी पाहिले नाही.

तात्पर्य

तर मग, झोपडी घ्यावी काय? माझ्या गोष्टीवरून कोणी असे समजू नये की जमीन विकत घेणे हेच पाप. विकणारा राजीखुशीने विकत असेल, भाव न्यायाचा असेल, आपले हात मातीत जाणार असतील किंवा कसणाऱ्याचे हात तेथे टिकणार असतील, तर खुशाल घ्यावी. सातबारा नीट पाहावा, जुने हक्क, वाटा, पाण्याची वहिवाट विचारावी आणि घ्यावी. पण घेण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतःला विचाराव्या. स्वस्त मिळते आहे तर कोणाच्या कशामुळे स्वस्त मिळते आहे? मला खरोखर लागणारे किती आणि मोहाचे किती? आणि दिंडी निघण्याच्या दिवशी मी निघू शकेन, की राखणीला मागे राहीन? ज्या झोपडीने वारी चुकवली तिला झोपडी म्हणू नये, दावे म्हणावे. ते कितीही लांब असले तरी खुंटीलाच बांधलेले असते.

आणि सर्वांत आधी घरात विचारावे. तुमच्याआधी उत्तर तेथे तयार असते.

मी सुटलो असे माझे म्हणणे नाही. कडुनिंबाला मोहोर येतो, विहिरीच्या काठी सकाळचे ऊन पडते, तेव्हा अजून मनात येते की सातबाऱ्यावर आपले नाव असते तर! साठी उलटली तरी हा साप अजून जिवंत आहे. तो डोके वर काढतो तेव्हा मी त्या म्हातारबांना आठवतो आणि विचारतो, हे बीळ खणले कोणी? तेवढ्याने तो पुन्हा खाली बसतो.

अवधूताचे कीर्तन मी अजूनही करतो. फक्त आता सापाबरोबर उंदीरही सांगतो. श्रोते पूर्वीइतके हसत नाहीत. काहीजण कीर्तनानंतर थांबतात आणि आपापल्या जमिनीची गोष्ट सांगतात.

रामकृष्णहरि.